कानातला बिल्ला

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. तेरला देवापुढं डोकं टेकतानासुद्धा नाही – देवाला काय सांगायचं, त्यानं पाहिलंच असेल, असं म्हणून मी तिथूनही सुटलो. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय. की तेही सोपं नाही? बघू.

मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा बावीस वर्षं सेक्रेटरी होतो. अजून लोक मला नावानं हाक मारत नाहीत, सेक्रेटरीच म्हणतात. गरिबाच्या कामाचा माणूस, अशी माझी ख्याती आहे. ही ख्याती मला एका बाईमुळं मिळाली, आणि त्याच बाईच्या बाबतीत ती सपशेल खोटी आहे.

बाईचं नाव सुभद्राबाई. बौद्ध वस्तीत राहायची. नवरा लवकर गेलेला, जमीन नाही, पदरात एकच मुलगी, छाया. त्या काळात बँक संस्थेमार्फत म्हशीला कर्ज द्यायची. कर्जाची बोली अशी, की दूध संस्थेलाच घालायचं. दर पगाराला, म्हणजे दुधाचे पैसे वाटताना, निम्मे पैसे कर्जात कापून घ्यायचे, निम्मे बाईच्या हातात. ही बोली पाळणारे किती होते म्हणता? निम्मा गाव म्हैस आटली म्हणून सांगायचा आणि दूध रस्त्यावरच्या हॉटेलात घालायचा. आम्हीही डोळ्यांवर कातडं ओढून बसायचो. सुभद्राबाई मात्र एखाद्या दिवशी अर्धा लिटर दूध कमी भरलं तर मी मापात बघायच्या आधी स्वतःच सांगायची – रेडकू सुटलं होतं, पिऊन गेलं. मला तेव्हा हसू यायचं. आता वाटतं, इतका सरळ माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

म्हैस घेतली होती छायाच्या शाळेसाठी. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, पुढं एसटीनं तेरला जावं लागे. वस्तीतून हायस्कुलात जाणारी ती पहिली मुलगी. हातात येणाऱ्या निम्म्या पैशांतून एसटीचा पास, वह्या आणि घर चालायचं. म्हैस म्हणजे त्या पोरीची शाळा होती, एवढं लक्षात ठेवा.

मग ते दुष्काळाचं साल आलं. विहिरी तळाला गेल्या, कडबा सोन्याच्या भावानं. जे मिळेल ते जनावरं खात होती, आणि माघात एका दुपारी सुभद्राबाईची म्हैस पोट फुगून मेली.

म्हशीचा विमा होता. विम्याच्या म्हशीच्या कानात पितळी बिल्ला असायचा, त्यावर नंबर. म्हैस मेली की डॉक्टरनं पंचनामा करायचा, बिल्ल्यासकट कान कापायचा, आणि कागद नि कान दोन्ही ठरल्या मुदतीत जिल्ह्याच्या ऑफिसात पोचवायचे. बिल्ला नाही तर पैसे नाहीत. पैसे आले की कर्ज फिटलं. सगळ्या जिल्ह्यात हाच रिवाज होता, आणि कागद नि कान पोचवायचं काम सेक्रेटरीचं, म्हणजे माझं.

ती बाई त्याच संध्याकाळी संस्थेत आली. मेलेल्या म्हशीसाठी तिचे डोळे सुजले होते, पण कान मात्र मीठ लावून, स्वच्छ फडक्यात बांधून आणला होता. कागद नीट घडी केलेले. माझ्या हातात देताना म्हणाली, "वास येईल भाऊ, जरा संबाळून ठिवा."

इथपर्यंत सांगताना मला काही वाटत नाही. पुढं जीभ अडते.

वास येत होता, हे खरं. कपाटात ठेवायला मला किळस आली. मी ते गाठोडं पडवीतल्या खुंटीला टांगलं आणि म्हटलं, उद्या जाऊ उस्मानाबादला. दुसऱ्या दिवशी सकाळी नळदुर्गहून मेव्हण्याच्या लग्नाची गाडी आली. मुदत होती ना अजून – दोन दिवसांनी गेलो तर काय बिघडतंय? नळदुर्गला मी चार दिवस राहिलो. जेवणावळी झोडल्या. परत आलो तर खुंटी रिकामी. खाली फडक्याच्या चिंध्या आणि कुत्र्याच्या पायांचे ठसे.

आता मला एक विचारा. तुम्ही नाही विचारलं तरी मी गेली कित्येक वर्षं स्वतःला विचारतोय. तो कान पाटलांच्या म्हशीचा असता तर मी पडवीत टांगला असता का? लग्नाला जाण्याआधी एसटी पकडून उस्मानाबादला गेलो नसतो का? गेलो असतो. पळत गेलो असतो. मला कुणाची भीती होती आणि कुणाची नव्हती, हे त्या खुंटीला ठाऊक आहे.

मुदत सरेपर्यंत मी तिला काही कळू दिलं नाही. मग तिला बोलावून सांगितलं, की विमा नामंजूर झाला, कागद उशिरा पोचले म्हणतात. सरळ तोंडावर सांगितलं. पंचनाम्याचे कागद तर मी आधीच चुलीत घातले होते. ती म्हणाली, आपण तर त्याच दिवशी आणून दिलं होतं. मी म्हणालो, वरच्या लोकांचे नियम, आपलं काय चालतंय? ती ओरडली नाही, रडली नाही. विचारलं ते एवढंच –

"राह्यलं किती म्हणायचं मग?"

आठ दिवसांनी ती अर्ज घेऊन आली. छायाच्या नववीतल्या गोल अक्षरात लिहिलेला, 'अर्ज करण्यास कारण की' पासून सुरू होणारा. दूध नाही तर पगारातून कापणार काय, म्हणून तिनं स्वतःच नवी बोली सुचवली होती. रोजगार हमीच्या तलावावर ती माती वाहायला जाणार होती. तिथला पगार झाला की दर वेळी ठरावीक रक्कम भरीन, रक्कम लहान आहे पण चुकणार नाही, वेळ वाढवून द्यावी. शेवटी एक ओळ होती, ती मला पाठ आहे : 'माझी परिस्थिती बदलली आहे, माझा शब्द बदललेला नाही.'

कमिटीत दोघं-तिघं म्हणाले, जामीनदाराला धरा, भांडी उचला. आणि मी – मी उठून तिच्या बाजूनं असा बोललो की चेअरमन बघतच राहिले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. अर्ज मंजूर झाला. त्या दिवसापासून मी गरिबाच्या कामाचा माणूस झालो.

आणि ती शब्दाला जागली. पगाराच्या दुसऱ्या दिवशी, पाटीची चुंबळ अजून डोक्यावरच, ती संस्थेत हजर. एकदा कामावर पाय मुरगळला, पगार बुडाला. त्या वेळीही ती लंगडत आली, हप्ता भरायला नाही, तर या वेळी जमणार नाही, पुढच्या वेळी दोन्हीचे देते, हे तोंडानं सांगायला. निरोप पाठवला असता तरी चाललं असतं. ती म्हणाली, देणं आपलं, तर सांगायलाही आपणच यावं. कर्जदार म्हणजे तोंड चुकवणारा माणूस, एवढंच मी नोकरीत शिकलो होतो. तिच्यापुढं तोंड मीच चुकवायचो, हिशेबाच्या वहीत घालून.

अजून संपलं नाही. यापेक्षा वाईट पुढं आहे.

वैशाखात संस्थेच्या मागचं बाभळीचं कुंपण साफ करताना मला तो बिल्ला सापडला. काळा पडला होता, पण नंबर स्पष्ट. विम्याची मुदत केव्हाच गेली होती. पण शाळा उघडायला महिना होता. आणि शाळा उघडल्यावर छाया जाणार नाही, हे मला माहीत होतं. सुभद्राबाईनंच सांगितलं होतं, की एकटीच्या मजुरीत हप्ता आणि घर दोन्ही बसत नाही, पोरीला एक वर्ष सोबत नेते. त्या दिवशी मी कमिटीपुढं खरं सांगून उरलेलं कर्ज स्वतः भरू शकलो असतो. ऐपत नव्हती असं म्हणू नका. त्याच वैशाखात मी घरावर नवे पत्रे घातले.

बिल्ला मी खिशात टाकला. जूनमध्ये दहावीचा वर्ग भरला. छाया तलावावर माती वाहत होती.

एका वर्षानं ती पुन्हा शाळेत गेली. तिच्या आईनं तेही केलं – कर्ज थोडंच उरलं तशी पोरीला परत बसवली, आणि शेवटचा पैसाही ठरल्या महिन्यात फेडला. कर्ज फिटल्याचा, बेबाकीचा दाखला मी माझ्या हातानं लिहून दिला. वार्षिक सभेत चेअरमननं तिचं नाव घेतलं, तर ही बाई उभी राहून सगळ्यांदेखत काय म्हणाली असेल?

"शेक्रेटरी भाऊनं माज्यासाठी लई केलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. पुढं तिनं स्वतःच्या पैशानं म्हैस घेतली, तेव्हा पहिला चीक माझ्या घरी आला. तो मी खाल्ला.

छाया शिकून नर्स झाली. सुभद्राबाई गेली त्याला आता दोन वर्षं होतील. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. छायानं मला खुर्ची दिली, काका म्हणून चहा दिला, आणि आईच्या गोष्टी सांगत बसली. म्हणाली, आईनं आयुष्यात कशाची खंत केली नाही, एका गोष्टीशिवाय. माझं ते एक वर्ष. शेवटच्या दुखण्यातही म्हणायची, कान देताना आपल्याकडूनच काहीतरी उशीर झाला असंल, आपल्याच चुकीनं पोरीचं वरीस गेलं.

मी चहा संपवला. कप खाली ठेवला. निघतो म्हणालो, आणि आलो.

चूक तिची नव्हती. ती त्याच दिवशी आली होती, फडकं स्वच्छ होतं, मीठ लावलेलं होतं. कान पडवीत मी टांगला.