माणसांचं शास्त्र शिकणारा भुजंग

भुजंगला हैदराबादच्या विद्यापीठात शिकायला निजाम सरकारचा वजिफा मिळाला, तेव्हा त्याच्या वडिलांनी, काकासाहेबांनी, अख्ख्या केदारखेड्यात पेढे वाटले. घरची जमीन होती, खाऊनपिऊन सुखी घर होतं. पण घराण्यातलं कुणी कचेरीत खुर्चीवर बसलं नव्हतं, ही त्यांची खंत. पोरगा तहसीलदार होऊनच परतणार, असं त्यांनी धरून ठेवलं.

जालन्याच्या शाळेत भुजंगनं उर्दू घोटली होती. तरी हैदराबादेत पहिले काही महिने तो मागच्या बाकावर तोंड मिटून बसे. त्याच्या उर्दूतून केदारखेडा डोकावायचा आणि पोरं हसायची.

एकदा मानववंशशास्त्राच्या तासाला प्रोफेसरांनी विचारलं, "तुमच्याकडे लग्नं कुणाकुणात होतात?"

मागच्या बाकावरून भुजंग उठला. "आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, साहेब. काकाची मुलगी मात्र बहीण."

वर्गात एकच गलका झाला. एका मुसलमान पोराला काकाच्या मुलीशी लग्न चालत नाही याचं नवल वाटलं. उत्तरेकडून आलेल्या एकानं मामाच्या मुलीचं ऐकून कानांवर हात ठेवले. प्रोफेसरांनी भुजंगच्या हातात खडू दिला आणि त्याच्या घरातली सगळी नाती फळ्यावर मांडायला लावली. आपल्या घरात जे सरळ, ते दुसऱ्याच्या घरात अचंबा! भुजंगला त्या दिवशी भूकही लागली नाही. पुढं त्यानं हाच विषय धरला.

सुट्टीत घरी सांगितलं, तर काकासाहेब म्हणाले, "माणसं शिकायला हैदराबादला कशापायी जायाचं? हितं काय माणसं कमी हायेत?"

शेवटच्या वर्षी प्रोफेसरांनी त्याला आदिलाबादेकडच्या एका गोंड गावात पाठवलं. जंगू आत्राम नावाच्या त्याच्याच वयाच्या शेतकऱ्याच्या घरी तो उतरला. जंगूला बाजारापुरती मराठी येत होती. भुजंग गोंडी शिकू लागला. गावच्या शाळेत मास्तर उर्दूत शिकवायचे आणि मुलं भिंतीकडे बघत बसायची. मागचा बाक भुजंगला ठाऊक होता. या मुलांना त्यांच्या बोलीतलं पहिलं पुस्तक करून द्यायचं, हे त्यानं तिथंच ठरवलं.

पावसाळा सरता सरता त्याला हिवतापानं गाठलं. शुद्ध हरपली, तेव्हा जंगू आणि त्याच्या भावानं त्याला बाजेवर घालून चिखलातून दवाखान्यात नेलं. भुजंगनं घरी यातलं काही कळवलं नाही. कळवलं असतं तर दुसऱ्या दिवशी काकासाहेब न्यायला आले असते.

दिवाळीला पुस्तकाचे शब्द बरोबर लावून घ्यायला तो जंगूला सोबत घेऊनच केदारखेड्याला आला. काकासाहेबांनी पाहुण्याला पाणी दिलं, मग जात विचारली. जेवायची वेळ झाली तसं जंगूचं पान ओसरीच्या कडेला, चपलांजवळ मांडलं गेलं. जंगू तिथं जाऊन बसला.

भुजंगनं आपलं ताट उचललं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"हे काय करून राह्यला तू?" काकासाहेब ओरडले.

"जेवून राह्यलो, दादा. ह्याच्या घरी मी चुलीपाशी जेवत होतो."

"मंग ऱ्हा तिथंच!"

जंगू अवघडला. भुजंगची आई झुंबरबाई वाढायला आली, तेव्हा तिला समजावल्यासारखं तो म्हणाला, "रागावू नको माय. ह्याला ताप आल्ता लई. मरत होता. आता जेवते, बरं हाय."

झुंबरबाईच्या हातातली परात तशीच राहिली. "कवा रे? मला सांगितलं न्हाई!"

जंगूच सांगत गेला, मोडक्यातोडक्या शब्दांत: बाज, चिखल, आणि आपली आई रात्रंदिवस भुजंगच्या कपाळावर ओलं फडकं कशी ठेवायची ते. झुंबरबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग वाकून दोघांची पानं उचलली आणि आत नेऊन चुलीसमोर मांडली. "या रे," म्हणाली, "भाकर निवून चालली."

काकासाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. पुढंही त्यांनी पंगत वेगळीच ठेवली. पण जंगू निघाला तेव्हा वेशीपर्यंत गाडी त्यांनीच हाकली.

भुजंग पहिल्या श्रेणीत पास झाला. कचेरीतली नोकरी चालून आली, ती त्यानं घेतली नाही; तो जंगूच्या गावी शिकवायला गेला. काकासाहेबांनी वर्षभर अबोला धरला. अठ्ठेचाळीस साली निजामी गेली, रस्ते शांत झाले, तशी झुंबरबाई हट्टानं पोराला बघायला निघाली. ती पोचली तेव्हा भुजंग झाडाखाली शिकवत होता. अक्षरं मराठीसारखीच, बोली गोंडी. मुलं त्याचं पुस्तक एका सुरात वाचत होती. तिला त्यातला शब्दही कळला नाही.

जंगूच्या आईनं तिला हाताला धरून आत नेलं आणि पुढ्यात मोहाच्या फुलांनी भरलेलं सूप सरकवलं. दोघी फुलं निवडत बसल्या. मग झुंबरबाईनं मराठीतच विचारलं, "पोरगं पोटभर जेवतं का हो?"

जंगूच्या आईनं गोंडीत काहीतरी सांगितलं. झुंबरबाईनं समाधानानं मान हलवली.