मण्यावरचं पांघरूण

गोरेगाव या आमच्या खेड्याच्या माळावर आम्ही मित्र नागमण्याचा सिनेमा काढत होतो. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा एका संध्याकाळपुरता मागून आणलेला. मणी मी घरीच केला होता. गेलेल्या बल्बची काच, आत सिगारेट लायटरच्या बुडाशी असतात ते एलईडी आणि पेन्सिल सेल. पण कॅमेऱ्यात तो मणी वाटेचना, नुसता पांढरा भडका दिसायचा. दिवस बुडत चालला होता.

तेवढ्यात मेंढरं आली आणि त्यांच्यामागून एक म्हातारी, चालता चालता टकळीवर लोकर कातत. तिच्या झोळीतून नुकतं जन्मलेलं कोकरू डोकावत होतं. मण्याचा झोत त्याच्या तोंडावर पडला तशी ती थबकली.

"लेकराच्या डोळ्यात उजेड काहून मारून राहिला रे? पांघरूण घाल की त्याला!"

मी बटण शोधेपर्यंत तिनं मूठभर लोकर मण्यावर पसरलीसुद्धा. उजेड एकदम निवला, सायीखालच्या दुधासारखा मऊ झाला. कोकरानं मान लांबवून मणी चाटला. ती हसली आणि लेकरू निजवावं तशी मण्यावरून हात फिरवत राहिली. कॅमेरा चालूच होता.

कळप उताराला लागला तरी आम्ही तसेच उभे. नाव विचारायचं राहूनच गेलं.

सिनेमात मणी जपणाऱ्या नागिणीचा हात म्हणून आम्ही तिचाच हात ठेवला. शेवटी नावं येतात, तिथं आम्ही 'नागिणीचा हात' असं लिहून पुढची जागा कोरी सोडली. गावात सीडी लावली की लोकांना वाटायचं, इथं अटकली, आता नाव येईल. सगळे पडद्याकडे बघत थांबून राहायचे.

मीसुद्धा.