शंभर टक्के होईपर्यंत

घनश्यामला जाऊन दीड महिना झाला. लग्नाच्या शूटिंगमधला माझा भागीदार, बारा वर्षांचा दोस्त. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात, पण मला आधी त्याचा राग येतो आणि मग स्वतःचा.

आमचं दुकान दवनीवाड्यात. पूर्वी डीव्हीडी हातात दिली की काम संपायचं. आता गिऱ्हाईक नागपूर-पुण्याचं, सगळ्यांना लिंक हवी. अख्ख्या लग्नाची फाइल चाळीस-पन्नास जीबीची, आणि गावातलं नेट कधी जाईल याचा भरवसा नाही. धड रेंज मिळायची ती तलावाच्या पाळीवर, बांधावर. तिथं कडुलिंबाखाली लॅपटॉप मांडून, मोबाइलचं नेट जोडून घनश्याम बसायचा. एकदा ब्याण्णव टक्क्यांवर नेट तुटलं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हापासून शंभर होईपर्यंत तो जागचा हलत नसे, जेवणही तिथंच. "अंडी उबवून राहिला का बे?" मी चिडवायचो. तो हसायचासुद्धा नाही.

तो गेला त्या दिवशी एका नवरीच्या वडिलांचे सकाळपासून तीन फोन आले होते. व्हिडिओ आजच पाहिजे, म्हणजे पाहिजेच. दुपारी डबा घेऊन मी पाळीवर गेलो. सावली होती, वारा होता, तरी घनश्याम घामानं निथळत होता. डावा हात सारखा चोळत होता. जवळच्या बिरसी विमानतळावरचं शिकाऊ विमान डोक्यावर घिरट्या घालत होतं, पण त्यानं मान वर केली नाही.

"चाल, डॉक्टरकडं जाऊ," मी म्हटलं.

"कायले? ॲसिडिटी हाय. चौऱ्याऐंशी झालं ना. आता उठलो तं पुन्हा पहिल्यापासून."

मी त्याला ओढून न्यायला हवं होतं. नाही नेलं. उलट शेजारी बसून मीही टक्केच पाहत राहिलो... सत्त्याऐंशी... नव्वद... त्याचे ओठ पांढरे पडत चालले होते. मला ते दिसत होतं, खोटं कशाला बोलू? त्र्याण्णववर आकडा बराच वेळ अडला, तेव्हा आम्ही दोघंही स्क्रीनवर वाकलो. शेवटी शंभर झाले. त्यानं लिंक पाठवली, "झालं बाप्पा एकदाचं" म्हणाला आणि उठता उठता माझ्या अंगावर कोसळला. गोंदियाला दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तासभर आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

परवा त्याच वडिलांचा फोन आला. घनश्याम गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं.

"भाऊ, ती लिंक उघडत नाहीये. सात दिवसच चालते म्हणे. आमच्याकडं कोणी पाहिलंच नाही अजून, राहूनच गेलं बघा. पुन्हा पाठवता का? सावकाश पाठवा, घाई काही नाही."

"घाई नाही?" मी एवढंच म्हणालो. शिवी देऊन बसेन म्हणून फोन तसाच चालू टेबलावर ठेवला. ते आपले हॅलो, हॅलो करत राहिले...