तलवार उजवीकडे

एकाच घरात राहणाऱ्या त्या दोन जावांचं मुळातच पटत नव्हतं. राजाचं चित्र नुसतं निमित्त झालं.

थोरली संग्रहालयात राखणीला होती. तिच्या दालनात राजाचं भलंमोठं तैलचित्र होतं. जुन्या काळच्या देवांच्या पुतळ्यासारखा संगमरवरी खांबाशी उभा, खांद्यावर लाल झगा, कमरेला डावीकडे तलवार, चेहऱ्यावर सुरकुतीचं नाव नाही. त्याच्या जिवावर थोरलीही घरात मान ताठ ठेवून वावरायची. धाकटी तोच राजा कपांवर उमटवायची, तेही त्याच संग्रहालयाच्या दुकानासाठी.

"माझ्या राजाकडे लोक मान वर करून बघतात. तुझा मोरीत विसळतात," असं थोरली पाहुण्यांसमोर म्हणायची, आणि धाकटीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

धाकटीच्या कारखान्यात चित्र आधी कागदावर उलटं छापायचं. तो कागद कपावर गरम दाबला की चित्र सुलटं उतरायचं. एकदा मालकाच्या मेव्हण्यानं कागद सुलटेच छापून दिले. पहिला कप हातात घेताच धाकटीला दिसलं, तलवार उजवीकडे गेलीय. ती मालकाकडे धावली.

"तलवार बघून कोण कप घेतं? माल आजच जायचाय. गुपचूप दाब."

तिनं दाबले.

कप दुकानात मांडले आणि थोरलीच्या ते एका नजरेत ध्यानात आलं. घरी विचारायचं सोडून ती थेट साहेबांच्या खोलीत गेली. "माझ्याच जावेच्या हातचं काम आहे," हेही सांगून आली. अख्खा माल परत आला. मालकानं मेव्हण्याला पाठीशी घातलं आणि धाकटीला कामावरून काढलं.

धाकटी चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरली. "जाऊबाई, आधी मला सांगता आलं नसतं?"

"राजाची विटंबना मी खपवून घेणार नाही."

"राजा मेलाय. माझं नाव घेताना तुम्हाला गोड वाटलं, एवढंच खरं."

"वाटलं. मग?" थोरली भाजी चिरता चिरता म्हणाली.

धाकटीनं त्याच पावली आपली भांडी उचलली. दोघा भावांनी समजूत घालून पाहिली, पण ऐकतंय कोण? महिन्याभरात मधल्या खोलीत भिंत उभी राहिली. धाकटीला औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम मिळालं, पगार कमी. थोरलीला मात्र दुकानातला माल तपासायची बढती मिळाली.

आता जिन्यात समोरासमोर आल्या की एकीनं भिंतीकडे तोंड करून दुसरीला वाट द्यायची. आधी कुणी वळायचं, यावरूनही त्यांची दोनदा जुंपली आहे.