तिसऱ्या शिट्टीनंतरचं कडवं

माझ्या जर्मन सासऱ्यांकडे गेल्या वर्षीपर्यंत एकाच गाण्याची त्रेचाळीस रेकॉर्डिंग्ज होती. नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात त्यांनी जन्मभर सुटे भाग तपासले. निवृत्त झाल्यावर हे गाणं तपासायला घेतलं. मूळ गाणं अमेरिकेतलं, गिटारवरचं साधं विरहगीत. मग कुणीतरी त्यात व्हायोलिनं घातली आणि ते जगभर गाजलं. त्यानंतर ज्याला गाता येतं त्याने, आणि येत नाही त्यानेही, ते गाऊन घेतलं. सासऱ्यांच्या लाडक्या जर्मन आवृत्तीत तर कुणी कुणाला सोडून जातच नाही. दोघं मिळून समुद्रावर सुट्टीला जातात. प्रत्येक रेकॉर्डिंगची त्यांच्या वहीत नोंद आहे: गायक, साल, कंपनी, शेरा.

लग्नानंतर मी त्यांना माझ्या वडिलांची कॅसेट दिली. वडील सांगलीला पोस्टात होते. रेडिओवर हे गाणं ऐकून त्यांनी त्याला मराठी शब्द बसवले आणि स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत टेपरेकॉर्डरसमोर बसून गायले. दुसऱ्या कडव्यात, आवाज चांगला चढलेला असताना, कुकरची शिट्टी होते. वडील थांबतात, आईला म्हणतात, "अगं, तिसरी झाली, गॅस बंद कर," आणि पुढचं कडवं सुरू करतात. ते गेल्यावर त्यांचा आवाज म्हणून एवढंच उरलं. तो त्या वहीत यावा, अशी माझी फार इच्छा होती. वेडेपणा होता, पण होता.

सासऱ्यांनी कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. "आल्झो, तर मग, कंपनी नाही, साल नाही. शिवाय मध्येच व्यत्यय आहे," म्हणाले आणि डबीत घालून परत दिली. मी हसून घेतली आणि आठवडाभर नवऱ्याशी धड बोलले नाही. आपला काय गुन्हा, हे त्या बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही. पुढे ते गाणं मोबाइलवर घेतलं आणि गाडीत लावत राहिले. मागे मुलगी बसलेली असायची. तिला मराठी समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं.

गेल्या वर्षी सासऱ्यांच्या वाढदिवसाला त्यांनी तिला तेच गाणं गायला सांगितलं. त्यांना वाटलं, समुद्रावरची सुट्टी येणार. तिने माझ्या वडिलांचं मराठी सुरू केलं. दुसऱ्या कडव्यात तोंडाने शिट्टी वाजवली, थांबली आणि ठणकावून म्हणाली, "अगं, तिसरी झाली, गॅस बंद कर." मग पुढचं कडवं. तिला ते गाण्यातलंच वाटत होतं. तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते बोलण्यातलं पहिलं अख्खं मराठी वाक्य, आणि तेही माझ्या वडिलांचं. मला रडू आवरेना.

सासऱ्यांना त्यातला फक्त गॅस कळला. तो जर्मनमध्येही गॅसच. "विरहगीतात गॅस कशाला?" त्यांनी विचारलं.

"भात करपू नये म्हणून," मी नाक पुसत म्हणाले.

ते उठले. वही घेऊन आले. "पण ही तर त्या कॅसेटची दुसरी आवृत्ती झाली. आणि दुसरी आहे म्हटल्यावर पहिली नोंदवावीच लागेल. गेनाऊ? बरोबर ना?"

चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस. पहिल्यापुढे माझे वडील, दुसऱ्यापुढे त्यांची नात. कंपनीच्या रकान्यात रेघ. आणि शेऱ्यात, त्यांच्या त्या कारखान्यातल्या अक्षरात: "गॅस दोन्हींमध्ये वेळेवर बंद."