वर्तुळातली विहीर

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला पालघरच्या एका छोट्या संस्थेत मी नकाशांचं काम करायचे. कुठल्या पाड्याला हातपंप द्यायचा ते आम्ही सुचवायचो. गावोगाव हिंडून कागदी नकाशावर विहिरींच्या खुणा करायच्या, परत येऊन त्या संगणकावर चढवायच्या. मग पाड्यावर टिचकी मारून अर्धा किलोमीटर असं सांगितलं की पाड्याभोवती वर्तुळ पडायचं आणि आतल्या पिण्याच्या विहिरी पिवळ्या व्हायच्या. आत पिवळं काही नसलं तर पाड्याला पंप. असलं तर पाडा बाद. बोईसरच्या कॉलनीत नळाच्या पाण्यावर वाढलेली मी, पण ते वर्तुळ पडलं की अख्ख्या तालुक्याची तहान मला कळते असं वाटायचं. फार शहाणी होते ना मी.

चिंचणीकडच्या खाडीकाठच्या एका पाड्यात भर उन्हात पोचले. पहिल्याच घरातल्या मावशी अंगणात सुकट वाळत घालत होत्या. जवळ विहीर आहे का विचारलं, तर म्हणाल्या, "हाय ना, ती काय ताडांच्या मागं." जाऊन पाहिली. पक्की बांधलेली, पाणी भरपूर. परत आले तर मावशींनी ओटीवर बसवून घेतलं आणि सुनेला हाक मारली. सून पोटुशी होती, पोट नुकतंच दिसू लागलं होतं. तिनं तांब्या आणला. मी तो घटाघटा संपवला आणि निर्लज्जासारखा दुसरा मागितला.

"काय गोड पाणी आहे हो तुमचं," मी म्हणाले. मावशी नुसत्या हसल्या. तिथंच बसून मी नकाशावर त्या विहिरीला पिण्याच्या पाण्याची खूण केली.

संगणकावर विहीर वर्तुळात आली, पिवळी झाली, पाडा बाद झाला. मी चहा प्यायला गेले.

पावसाळा सरल्यावर त्याच बाजूच्या दुसऱ्या गावात काम निघालं. वाटेत बांधावर मावशी भेटल्या. डोक्यावर हंडा, आणि मागून सून, कमरेला कळशी. ती आता फार अवघडलेली होती, चार पावलं टाकून थांबत होती.

"इतक्या लांबून पाणी? तुमची विहीर आटली का?"

"ती कशाला आटते? पन ती खारी गो बाय. धुण्याभांड्याला. आमी तेच पितो कवाकवा, हंडा सरला तर."

"मग मला दिलं होतं ते?"

"ते हेच, बांधापल्याडच्या विहिरीचं. पावनीला खारं कसं देनार?"

त्या दिवशी मी या दोघींची खेप पिऊन वर त्यांच्याच पंपावर पाणी फिरवलं होतं. हे पाणी त्याच विहिरीचं का, एवढं विचारायला माझं काय जात होतं? तोंड तर पाणी प्यायला बरं उघडलं होतं.

साहेबांच्या मागे लागले. ते म्हणाले, पंप वाटून झाले, आता पुढच्या टप्प्यात बघू. पुढचा टप्पा कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी खूण बदलली. त्याला काय वेळ लागतो? पुन्हा वर्तुळ काढलं, आत काहीच पिवळं नाही. आकडा वाढवत गेले, वर्तुळ फुगत फुगत दोन गावं ओलांडून गेलं, तेव्हा कुठे ती बांधापलीकडची विहीर पिवळी झाली. मला रडू आलं. शेजारच्या टेबलावरचे सगळे बघत होते, बघोत.

न सांगता राहता आलं असतं, पण राहवेना. त्याच आठवड्यात पाड्यात गेले. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे पंप नाय?"

"यंदा नाही. चूक माझी आहे, मावशी."

"दोन तांबे प्यालीस," त्या म्हणाल्या, "खाडीच्या तोंडाशी गोडं पानी कुठून येल, येवढं कळलं नाय तुला?" मी मान खाली घातली. बोलल्या ते बरंच झालं. मग सवयीनं म्हणाल्या, "बस. उनातून आलीस." आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं.

सून दाराची चौकट धरून उठली.

"नको, मला तहान नाही," मी घाईनं म्हणाले.

मावशींचा चेहरा उतरला. "का गो? आमच्या घरचं चालत नाय?"

पाणी नाकारलं की त्याचा अर्थ काय होतो, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आतून हंडा कलता केल्याचा आवाज आला, बराच कलता. सुनेनं तांब्या हातात दिला. मी प्याले, सगळा. पाणी तसंच गोड होतं.

तांब्या खाली ठेवला तेव्हा सून कळशी कमरेला लावून बांधाच्या वाटेला लागली होती.