द्वारकाअक्कांचा वर्षाचा पास

द्वारकाअक्का आमच्या ऑफिसात आल्या की आधी शेजारची खुर्ची पदरानं पुसायच्या आणि मग आपल्या खुर्चीत बसायच्या. आपली खुर्ची मात्र धुळीनं भरलेली असली तरी तशीच. पहिल्यांदा मला वाटलं, पाठोपाठ कोणीतरी येणार असेल. मी दाराकडे पाहिलं. कोणी आलं नाही. पुढं सहा-सात महिन्यांत त्या किती वेळा आल्या याची मोजदाद नाही, पण शेजारची खुर्ची पुसायला एकदाही चुकल्या नाहीत.

मी मूळची धुळ्याची. लग्न होऊन जळगावला पिंप्राळ्यात आले आणि स्टेशनजवळच्या एका तिकीट एजन्सीत नोकरीला लागले. मालकांना सगळे नाना म्हणत. आमचं बहुतेक काम रेल्वेच्या रिझर्वेशनचं. विमानाचं तिकीट महिन्यातून दोन-चार, तेही केळीच्या व्यापाऱ्यांचं नाही तर डॉक्टरांचं. विमान पकडायला औरंगाबादला जावं लागे. तेव्हा खासगी विमान कंपन्या नव्यानंच निघाल्या होत्या आणि गिऱ्हाईक ओढायला तऱ्हतऱ्हेच्या युक्त्या करत होत्या. त्यांतल्या एका कंपनीनं वर्षाचा पास काढला. हव्या तितक्या वेळा, कंपनीचं विमान जाईल त्या कुठल्याही गावी जा, आणि सोबत एक माणूस न्या. किंमत एवढी की त्या पैशात पिंप्राळ्यात तेव्हा बरं घर आलं असतं. नानांनी त्याची पाटी दुकानात लावली ती शोभेला. पास विकला जाईल असं त्यांच्याही मनात नव्हतं.

तो विकत घेतला फैजपूरच्या एका साठीच्या बाईनं. नऊवारी लुगडं, पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी. पाटीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “हे कितींदा बी जाता येते म्हने?”

“हो. वर्षभर.”

“अन् संगं एक मानूस?”

“हो, पण त्याचं नाव आधी लिहून द्यावं लागतं. मग बदलता येत नाही.”

“मले कशाले बदलाचं? लिही. वसंत. माह्या पोराचं नाव.”

नानांनी त्यांना दोन वेळा समजावलं. लागेल तेवढं तिकीट काढा, स्वस्त पडेल, म्हणाले. अक्कांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, “वसंताच्या वाट्याची केळीची बाग इकली. त्याचं त्याच्यावरच लावते.”

त्या गेल्यावर मी नानांना विचारलं, की वर्षभर कोणी रोज उडालं तर कंपनीचं दिवाळं निघणार नाही का? नाना हसले. “अगं, ही किंमत विमानाची नाही, कंटाळ्याची आहे. खानावळवाला पोटभर जेवण ठरल्या भावात देतो ते कशाच्या जिवावर? माणसाचं पोट भरतं, हे त्याला ठाऊक असतं. इथंही तसंच. पहिल्या महिन्यात माणूस आठ वेळा उडेल, दुसऱ्यात चार, मग पास कपाटात पडेल. पोट काय, हौस काय, भरतेच.”

नानांचा हिशेब चुकीचा नव्हता. फक्त अक्कांना तो लागू पडला नाही. त्या दर सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं फैजपूरहून निघायच्या, जळगावात आमच्याकडून तिकिटं घ्यायच्या, औरंगाबादची बस धरायच्या. मुंबई, तिथून अहमदाबाद, कधी बंगलोर, कधी मद्रास. गाव बघायला नाही. उतरायचं आणि पुढच्या विमानानं परत फिरायचं. एकदा मी विचारलं, “अक्का, मद्रासला समुद्र पाहिलात का?” तर म्हणाल्या, “मले कशाले समिंदर? मी बसाले जाते.” पिशवीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी असायच्या, दोन वेगवेगळ्या फडक्यांत बांधलेल्या.

तिकिटं नेहमी दोन निघत. दुसरं, वसंतच्या नावाचं, दर वेळी कोरंच परत येई. विमानतळावरच्या काउंटरवर तो कधी पोचलाच नव्हता. मला वाटे, मुलगा मुंबईला असेल, ऐन वेळी त्याला जमत नसेल. शेवटी आमच्या सुपडूनं, म्हणजे ऑफिसच्या म्हाताऱ्या शिपायानं, मला सांगितलं. त्याची बहीण फैजपुरात दिली होती.

“ताई, तो पोऱ्या आठ वरीस व्हयनात, बेपत्ता शे. मुंबईले विमानतळवर नोकरी लागस असं पत्र धाडं, बस. मंग ना पत्र, ना पत्ता. पोलीस व्हयनात, देव व्हयनात, बठ्ठं व्हयनं.” पोलिसांपासून देवापर्यंत सगळं करून झालं होतं.

त्यानंतर अक्कांसाठी ते दुसरं तिकीट लिहिताना माझा हात जड व्हायचा. एकदा न राहवून मी म्हटलं, “अक्का, ती जागा रिकामीच जाते ना?” त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. “रिकामी जागा रिकामी नसते, पोरी. कोनाची तरी असते.”

सहा महिने झाले तरी त्यांचं उडणं कमी होईना, तेव्हा कंपनीचं पत्र आलं. विमान भरलेलं असतानाही या बाईंच्या शेजारची जागा दर खेपेला अडून राहते, सोबतचा उतारू खरोखर आहे की नाही याचा खुलासा करावा, असं त्यात होतं. नाना घाबरले. एजन्सी गेली असती. ते मला म्हणाले, “तू एकदा त्यांच्याबरोबर जा. डोळ्यांनी बघ आणि लिहून दे.” हेरगिरीचंच काम ते. पण विमानात बसायला मिळणार, याचा आनंदही मला झाला होता, हे कबूल केलं पाहिजे.

औरंगाबाद ते मुंबई, सकाळचं स्वच्छ ऊन. अक्का खिडकीजवळ, शेजारची जागा रिकामी, आणि मध्ये वाट सोडून अलीकडे मी. ती जागा मी सबंध वेळ पाहत होते. पट्टा सीटवर सैल पडलेला होता, आणि शेजारी अक्का डोळे मिटून बसल्या होत्या. हवाई सुंदरी खाण्याचे ट्रे घेऊन आली. अक्कांना एक दिला, दुसरा हातात घेऊन ती त्या रिकाम्या जागेपाशी थोडी वाकली आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “झोपलेत वाटतं. नंतर देते.”

मी म्हटलं, “कोण?”

“हे काय, आजींबरोबरचे.” आणि ती पुढं गेली.

थट्टा करण्याचा तिचा स्वभाव दिसत नव्हता. पुढच्या रांगेत ती नेहमीसारखी चहा ओतत होती. मी पुन्हा त्या जागेकडे पाहिलं. निळं कापड, सैल पट्टा, बाकी काही नाही. अक्कांनी डोळे उघडले होते. त्या माझ्याचकडे पाहत होत्या.

“तुले दिसला?”

“नाही, अक्का.”

“मले बी नही दिसत,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, बाजारभाव सांगावा तसा. “पन लोकाईले दिसते. पहिल्याच खेपेले एक म्हातारा म्हने, बाई, तुमच्या पोरानं माही पेटी वर ठेवून देली, भला पोरगा हाये. मंग बंगलोरले एक बाई म्हने. ह्या पोरी तं नेहमीच म्हनतात. मीच एक आंधळी. म्हनून येते मी. इतक्या लोकाईले दिसते, एक दिवस मले बी दिसीन.”

मुंबईला उतरलो आणि लगेच परत फिरलो. परतीच्या विमानातही ती जागा रिकामीच दिसली, पण अक्कांकडे मी पाहिलं नाही. पण जळगावला आल्यावर कागद समोर आला. नाना म्हणाले, जे पाहिलंस तेच लिही. मी काय पाहिलं होतं? मी लिहिलं, ‘श्रीमती द्वारकाबाई यांच्या शेजारची जागा जाताना व येताना रिकामी होती,’ आणि खाली सही केली.

पंधरा दिवसांनी मुंबईहून कंपनीचे साहेब आले. प्रधान त्यांचं नाव. सभ्य माणूस. अक्कांना बोलावून घेतलं होतं. त्यांनी शेजारची खुर्ची पुसली आणि बसल्या. प्रधानांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, “आजी, तुम्ही दिलेली सगळी रक्कम कंपनी परत करते. सहा महिने फिरलात ते फुकट समजा. पास परत द्या.”

“काहून?”

“अहो, तुमचा जेवढा वापर झाला तेवढा होईल असं धरून ही किंमत ठेवलेली नव्हती.”

अक्का म्हणाल्या, “साहेब, आमी बाग उक्ती देतो. व्यापारी येते, उभी झाडं पाहते, अंदाज बांधते अन् सगळ्या बागेचा एकच भाव देते. घड मोठे पडले तं त्याचं नशीब. वादळानं बाग झोपली तं त्याचंच नशीब. मांगच्या साली झोपली. व्यापारी रडला, पन पैसे परत मांगाले आला नही. तुमी बी उक्तंच देलं ना? मंग आता घड काहून मोजता?”

प्रधानांनी बॅग उघडली. त्यांनी माझा कागद काढला. “पण सोबतचा माणूसच नाही, आजी. कंपनीची फसवणूक होते. या बाईंनी लिहून दिलं आहे.”

अक्कांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण त्या म्हणाल्या, “खोटं नही लिहिलं तिनं. तिले नही दिसला.” मग प्रधानांना म्हणाल्या, “तुमी सोता या एकदा. मंग पास घ्या.”

प्रधान आले. पुढच्या सोमवारी औरंगाबादहून ते अक्कांच्या मागच्या रांगेत बसले. दुपारी मुंबईहून त्यांचा फोन आला तो मीच घेतला. चिडलेला आवाज.

“तुम्ही खोटं का लिहून दिलंत? मुलगा आलेला आहे.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक होतेय. “साहेब, कोण आलंय?”

“त्या बाईंचा मुलगा! माझ्या पुढ्यात बसला होता. मी स्वतः बोललो त्याच्याशी. काउंटरवाल्यांनी नोंद केली नाही, त्यांचीही मी चौकशी करणार आहे. अशा कागदावर आम्ही एका म्हाताऱ्या बाईचा पास काढून घेणार होतो.”

“साहेब,” मी म्हटलं, “त्यांचा मुलगा आठ वर्षांपासून बेपत्ता आहे.”

मग मी विचारलं, “तो काय बोलला?”

ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “मी विचारलं, आईशी बोलत का नाही? सबंध प्रवासात दोघं एक शब्द बोलले नाहीत. तर म्हणाला, मला तिच्यासमोर यायची मनाई आहे.” फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर कंपनीकडून पासाबद्दल एक अक्षर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का ऑफिसात आल्या. सांगावं की सांगू नये, हे मला ठरवता येईना. पण लपवून ठेवणं हे दुसऱ्यांदा दगा देण्यासारखं झालं असतं. मी प्रधानांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. इतक्या महिन्यांत मी या बाईंना रडताना पाहिलं नव्हतं. आताही आवाज आला नाही, नुसतं पाणी गळत राहिलं. सुपडूनं पाण्याचा पेला आणून ठेवला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

“मीच म्हनली व्हती,” त्या म्हणाल्या. “त्याले शेती कराची नव्हती. बापाच्या दिवसाले बी एक दिवस उशिरा आला. मी उंबऱ्यात उभी राहून म्हनली, मले तोंड दाखवू नको पुन्हा. तो बी उलटून नही बोलला. गेला.” पदरानं तोंड पुसून त्या पुढं म्हणाल्या, “लहानपनापासून तसाच. सांगितलं तं आयकाचा. अजून आयकतो.”

त्या दिवशी त्यांनी लगेच पुढच्या विमानाची दोन तिकिटं मागितली. मी दिली. जाताना पायरीवर थांबून म्हणाल्या, “मी देलेला शबूद मीच परत घ्याले पाहिजे. चार लोकाईसमोर घेते.”

पुढच्या सोमवारी अक्का आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग टपालानं एक पाकीट आलं. आत पास. संपायला अजून पाच महिने होते. सोबतच्या चिठ्ठीवर कोणा शेजाऱ्याच्या अक्षरात एवढंच लिहिलेलं, ‘आता काम नाही.’ नानांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि पास कंपनीला धाडून दिला. मला मात्र चैन पडेना. एका रविवारी मी फैजपूरची एस.टी. धरली. तीच आमची शेवटची भेट, कारण त्यानंतर दोन वर्षांतच अक्का गेल्या.

त्या परसात खाटेवर उडदाचे पापड वाळत घालत होत्या. मला पाहून आनंदल्या, चहा केला, सासरची चौकशी केली. त्या विषयाला शेवटपर्यंत हात घालेनात. निघायची वेळ झाली तेव्हा मीच विचारलं, “अक्का, दिसला का हो?”

“दिसला.”

निघायला उठलेली मी पुन्हा बसले.

“पहिले मी वळखलंच नही,” त्या म्हणाल्या. “शेजारी कोनी बाप्या बसलेला. तिशीतच केसं पिकलेले, गालं बसलेले. मी बावीस वर्सांचा पोरगा धुंडत व्हती ना. आई असून वळखलं नही. त्यानंच माह्या हातावर हात ठेवला.”

परसात ऊन होतं, शेजारच्या घरात कोणीतरी रेडिओ लावला होता, आणि तरीही मला एकदम थंडी वाजली. नको तो प्रश्न माझ्या तोंडून निघून गेला.

“हात गार होता का?”

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही अगदी वेडगळ बोलले.

“पोराचा हात गार कसा राहीन?” असं म्हणून त्या एकेक पापड उलटा घालू लागल्या.